अंगकोर: एक दिवस, आई आणि उलटी प्रदक्षिणा

पाणंद

मागे या मंचावरच विचारलं होतं, कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांना किती दिवस ठेवावेत म्हणून. झाडून सगळ्यांनी 'तीन, त्याखाली जाऊच नका' असं बजावलं होतं. तरी आम्ही एकच ठेवला. बरोबर आई. वय ७४, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत उभा. बहीण सध्या व्हिएतनामला असते. तिच्याकडे जाताना वाटेत सिएम रीपला, म्हणजे अंगकोरशेजारच्या शहरात, दोन रात्री, म्हणजे मधला एक अख्खा दिवस, असा हिशेब.

आदल्या संध्याकाळी पाचनंतर जाऊन तिकिटं काढली. पाचनंतर दुसऱ्या दिवसाचं तिकीट देतात, सकाळची रांग वाचते. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, सात दिवसांचे ७२. खिडकीवरच फोटो काढून तिकिटावर छापतात. आईने पदर सारखा करेपर्यंत फोटो निघालाही होता, त्यामुळे तिकिटावर ती खाली बघतेय.

पहिला फटका तिथेच बसला. माझ्याकडच्या एका २० डॉलरच्या नोटेची कड नखाएवढी फाटलेली होती. इथून पैसे बदलून नेताना मी पाहिलंच नव्हतं. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी नोट कोणी हातात धरत नाही. हॉटेल, दुकान, रिक्षावाला, सगळे हसून परत करायचे. ती अजून पाकिटात आहे. जाणाऱ्यांनी नोटा एकेक करून उजेडात धरून घ्या.

आता शिव्या खायचा भाग. अंगकोर वाट या मुख्य देवळाचा सूर्योदय मी मुद्दाम गाळला. पहाटे साडेचारला उठायचं, तळ्याकाठी चार-पाचशे मोबाइलांच्या मागे तासभर उभं राहायचं, हे आईला झेपणारं नव्हतं. त्याऐवजी साडेसहाला गाडीने निघालो ते थेट बान्तेय स्रेईला. शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. देऊळ साडेसातला उघडतं. आम्ही पोचलो तेव्हा आवारात झाडणाऱ्या दोन बायका आणि एक कुत्रं, एवढीच गर्दी.

बान्तेय म्हणजे गढी आणि स्रेई म्हणजे स्त्री. नाव नंतरचं आहे. मूळ देऊळ शंकराचं, इ. स. ९६७ मधलं, आणि राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलेलं. मला धक्का बसला तो आकाराचा. फोटो पाहून भव्य वाटतं. प्रत्यक्षात मधलं शिखर जेमतेम दहा मीटर, आणि गाभाऱ्याच्या दारातून मोठ्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही. (आता दोरी बांधलीय, जाताच येत नाही.) दगड जुन्या कौलासारखा, लालसर गुलाबी. त्यावर बोटाच्या पेरापेक्षा मोठी कोरी जागा सापडत नाही.

आईसाठी घडीचं स्टूल नेलं होतं. या सहलीतली सगळ्यात शहाणपणाची खरेदी तीच. एका छोट्या इमारतीच्या दर्शनी पट्टीसमोर ते मांडून दिलं आणि मी मोबाइलवर माहिती शोधायला लागलो. पान उघडेपर्यंत आई सांगून मोकळी: "रावण आहे. कैलास हलवतोय. ती बघ पार्वती, घाबरून शंकराला बिलगलीय." मग थोडं थांबून, "वेरूळला नाही का, तिथे दासी पळून जाताना दाखवलीय. इथे जनावरं पळतायत." खरंच! खालच्या पायरीवर हत्ती, सिंह, हरणं, सगळ्यांची पळापळ. कैलास इथे डोंगर नाही, पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा आहे, आणि त्या पायऱ्यांवर जनावरांच्या तोंडाचे सेवक ओळीने बसलेत.

समोरच्या इमारतीवर खांडववन. वर ऐरावतावर इंद्र, खाली पेटलेलं रान, आणि पाऊस म्हणजे दगडात ओढलेल्या समांतर रेघा. कृष्णार्जुनांनी बाणांचं छत करून तो पाऊस वरच्या वर अडवलाय. मागच्या बाजूला कंसवध. मला हे एकही ओळखता आलं नसतं. आईला एकही अडलं नाही.

परतीच्या वाटेवर प्रेआ डाक नावाचं गाव लागतं. रस्त्याच्या कडेला चुलाणांवर ताडाचा रस आटवत बसलेल्या बायका. गरम ताडगूळ झावळीच्या छोट्या गोल साच्यांत ओततात आणि थिजला की पानात गुंडाळून देतात. आईने एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, थोडा जास्त आटलाय. विकणारीला काय कळलं कोण जाणे, तिने दुसऱ्या कढईतला दिला.

ता प्रोमबद्दल फार लिहीत नाही. मुळांनी गिळलेलं देऊळ सगळ्यांनी फोटोत पाहिलंय, आणि एका हॉलिवुडपटामुळे त्या एका दाराशी फोटोची रांग असते. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ मध्ये आईच्या नावे प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची मूर्ती स्थापून ते उभारलं, हे ऐकल्यावर आमच्या मातोश्रींनी माझ्याकडे जरा अर्थपूर्ण बघितलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे बरीच वर्षं डागडुजी केलीय. बाहेरच्या वाटेवर सुरुंगात पाय गमावलेल्या माणसांचा वाद्यवृंद बसतो. कोण कुठल्या देशातून आलंय ते बघून धून बदलतात. आम्हाला बघून त्यांनी एक जुनं हिंदी गाणं धरलं.

बायोनच्या देवळाला वीस मिनिटं. त्याचं पाप माझ्या माथी, पुढे येईलच.

आणि मग दुपारी एक वाजता अंगकोर वाट, मुळात विष्णूचं देऊळ. गाडीवाल्या दादाने आम्हाला पश्चिमेच्या मुख्य दाराऐवजी मागे, पूर्वेला सोडलं. झाडीतली सपाट मातीची वाट, वर्दळ नाही. शेवटच्या पायऱ्या चढलात की समोरच समुद्रमंथन.

जवळजवळ ४९ मीटर लांब एकच पट. मधोमध विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव. सगळे एकाच लयीत मागे रेललेले, रस्सीखेचीत शेवटच्या क्षणी रेलतात तसे. पण मी सगळ्यात जास्त वेळ बघत राहिलो तो खालचा समुद्र. मासे, मगरी, कासवं. रवीपासून लांब आहेत ते सुखाने पोहतायत. जसजसं मध्याकडे जावं तसतशी दाटी वाढते, आणि अगदी रवीजवळचे मासे मधोमध चिरलेले आहेत. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पाण्याला किती गती आलीय हे त्या कोरक्याने माशांवरून दाखवलंय. हाताला येईल तिथपर्यंतचा दगड माणसांच्या स्पर्शाने काळा कुळकुळीत चकाकतो. आता हात लावायला मनाई आहे.

इथे आमचं भांडण झालं. माझ्या माहितीप्रमाणे हे पट देऊळ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे अपसव्य, बघायचे असतात. कथा तशाच क्रमाने लागतात. आईने साफ नकार दिला. "देवाला उलटी प्रदक्षिणा घालायला मी काय श्राद्धाला आलेय?" त्यामुळे आम्ही सव्य गेलो आणि सगळ्या गोष्टी शेवटाकडून वाचल्या. देवांच्या रांगेत शेपटीकडून शिरलो. दक्षिणेच्या ओवरीत आधी नरक लागले, त्यातले हाल पाहून झाले, आणि मग पुढे रेड्यावर बसलेला यम आणि त्याचा चित्रगुप्त. म्हणजे शिक्षा आधी, खटला नंतर. आई म्हणाली, आपल्याकडे कोर्टात जाऊन आलेल्या माणसाला हेच बरोबर वाटेल. पुढे दुसऱ्या सूर्यवर्मनची फौज समोरून अंगावर चालून आली. त्यानेच हे देऊळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलं. मग कोपरा वळून पश्चिमेला कुरुक्षेत्र, आणि त्याला लागून लंकेचं युद्ध. अर्जुनाचा सारथी चार हातांचा आहे, त्यामुळे कृष्ण शोधावा लागत नाही. भीष्म शरपंजरी सापडले तेव्हा आई स्टुलावरून उठली, चप्पल काढली, नमस्कार केला, पुन्हा बसली.

उत्तरेची बाजू राहिली. साडेचार वाजले होते, गुडघा बोलायला लागला होता. पश्चिमेच्या महाद्वारात आठ हातांची उंच विष्णुमूर्ती आहे. तिथले लोक तिला ता रीच म्हणतात, पिवळी वस्त्रं नेसवतात, उदबत्त्या लावतात. आईने एक उदबत्ती लावली आणि आम्ही बाहेर पडलो.

दिवसात चार देवळं, त्यातलं एक धावतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या घरी गोष्टी पाठ असलेलं माणूस आहे त्यांनी यादी फाडावी आणि त्या माणसाला पटांसमोर स्टूल टाकून बसवावं.

उंटावरचा शहाणा

लेख छान, पण सूर्योदयाबद्दल निषेध. मी २१ मार्चच्या आसपास गेलो होतो. विषुवदिनाच्या सुमारास पश्चिमेच्या वाटेवरून पाहिलं तर सूर्य बरोब्बर मधल्या शिखराच्या टोकावर येतो. त्यासाठी पाचशे मोबाइल सहन करायला मी तयार आहे. बाकी वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडीसाखर

मस्त लिहिलंय! आईंना नमस्कार सांगा. आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यात सासूबाईंचं कांदा-लसूणही नाही. खायचं काय?

पाणंद

@उंटावरचा शहाणा, विषुवदिन असता तर कदाचित मीही उभा राहिलो असतो. आम्ही जानेवारीत होतो.

@खडीसाखर, शहरात भारतीय खानावळी आहेत, पोळी-भाजी मिळते. स्थानिक खाताना जपून. भाजीतही माशाचं पाणी किंवा प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशाचा गोळा असू शकतो. 'मांस नको' म्हटलं तरी मासा मांसात धरतातच असं नाही. आम्हाला तारलं ते क्रालानने. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि चवळीसारखे दाणे भरून निखाऱ्यावर भाजतात. केळ्यासारखी नळी सोलायची आणि खायचं. कांदा नाही, लसूण नाही.

चिंगी

मुलं ८ आणि ११. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर नेता येतील का?

पाणंद

नाही. सगळ्यात वरच्या बाकानवर १२ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. जिना खडा आहे, एका वेळी ठरावीक माणसंच वर घेतात, आणि बौद्ध सणावाराला बंद असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी खांद्यावर टाकलेली चालली नाही, माझ्यासमोर एकीला परत पाठवलं. आईच्या नऊवारीला अर्थातच कोणी हरकत घेतली नाही, पण तीच वर गेली नाही.

घडीव दगड

वीस मिनिटं बायोनला? अहो, काय हे!

मी बांधकामातला माणूस, दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा बायोनला अर्धा दिवस दिला. लोक वरचे हसरे चेहरे बघतात आणि निघतात. खरी मजा खाली, बाहेरच्या ओवरीत. अंगकोर वाटला देव-दानव आहेत, इथे बाजार आहे. कोंबड्यांची झुंज, त्यावर पैज लावणारे, मासळी विकणाऱ्या बायका, बाळंतीण, भात शिजवणारे आचारी, आणि तोन्ले साप सरोवरावरची चाम लोकांशी (आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या) झालेली नावांची लढाई. नावेतून पडलेल्याला मगर ओढतेय, तेही सोडलेलं नाही. ११७७ मध्ये चाम सैन्याने राजधानी लुटली, ११८१ मध्ये सातवा जयवर्मन गादीवर आला, आणि मग त्याने बांधकामांचा सपाटाच लावला. देवळं, रस्ते, धर्मशाळा. त्याच्या शिलालेखात १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. घाईत बांधलेलं कळतंही. सांधे बायोनला ढिले आहेत, अंगकोर वाटला सुरीचं पातं जाणार नाही. चुना नाही, दगडावर दगड घासून बसवलेला.

आणखी एक बघा पुढच्या वेळी. दगडांना बोटभर गोल भोकं दिसतात. लाकडी खुंट्या ठोकून दगड उचलण्यासाठीची ती. आणि खऱ्या कमानी कुठेच नाहीत. एकेक थर थोडा पुढे सरकवत वर मिटवत नेलाय. त्यामुळे एवढं अवाढव्य देऊळ, पण आत ऐसपैस सभामंडप नाही. सगळ्या ओवऱ्या अरुंद. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांची अडचण तीच आणि उत्तरही तेच.

बाफुओनचं देऊळ राहिलं ते राहिलंच. फ्रेंचांनी ते दुरुस्तीसाठी १९६० च्या दशकात पूर्ण उतरवलं. सुमारे तीन लाख दगड रानात मांडून ठेवले. मग यादवी आली, पोल पॉटची ख्मेर रूज राजवट आली, आणि कुठला दगड कुठला याचे कागद नष्ट झाले. १९९५ पासून पुन्हा दगड जुळवत बसले, २०११ मध्ये पुरं झालं. दगड जुळवणाऱ्यांना माझा दंडवत.

उलट्या प्रदक्षिणेबद्दल: आई नकळत योग्य जागी बोट ठेवून गेल्या. देऊळ पश्चिमाभिमुख, पट अपसव्य, त्यामुळे हे राजाचं अंत्यस्मारक असावं असं बऱ्याच अभ्यासकांनी मांडलंय. मरणोत्तर त्या राजाचं नाव परमविष्णुलोक. म्हणजे श्राद्धाचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही.

पाणंद

हे आईला वाचून दाखवलं. "मग मी म्हटलं तेच ना," एवढंच उत्तर आलं.

त्रिकालज्ञ

आपल्या पूर्वजांनी समुद्रापार जाऊन एवढं उभं केलं आणि आपल्याला शाळेत एक ओळ शिकवत नाहीत. आपलंच देऊळ आणि आपणच ३७ डॉलर मोजायचे!

घडीव दगड

कोणाचे पूर्वज? कथा इथून गेल्या, लिपीचं मूळ इथलं, लेखांची संस्कृत भाषा इथली. दगड कुलेन डोंगरातला आणि हात ख्मेर, म्हणजे तिथल्याच लोकांचे. चेहरे बघा, केशरचना बघा, मंथनाच्या पटातले मासेही तिथल्या सरोवरातले वाटतात. त्यांच्या झेंड्यावर ते देऊळ आहे. गेली काही शतकं तिथे बौद्ध भिक्षू राहतात म्हणून ते ओस पडलं नाही. ३७ डॉलर देऊन या, वाद नंतर घालू.

त्रिकालज्ञ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

दूरदेशी

बँकॉकला राहतो. ख्मेर देवळं फक्त कंबोडियात नाहीत. ईशान्य थायलंडमध्ये फिमाई आणि फनोम रुंग. फनोम रुंग विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे, शंकराचं. वर्षातून काही दिवस सूर्य पंधरा दारांतून आरपार दिसतो. तिथली शेषशायी विष्णूची गणेशपट्टी (दारावरची कोरीव पट्टी) १९६० च्या दशकात चोरीला गेली, शिकागोच्या संग्रहालयात सापडली आणि १९८८ मध्ये परत आली. चोरीवरून आठवलं, बान्तेय स्रेईच्या देवता १९२३ मध्ये कापून नेणारा आन्द्रे मालरो पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. मूर्ती मात्र परत मिळाल्या.

एक सूचना: बँकॉकहून रस्त्याने सिएम रीपला जायचा बेत असेल तर आधी खात्री करा. २०२५ मध्ये सीमेवर चकमकी झाल्या. विमान बरं. नवा विमानतळ शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे, तो वेळ धरा.

खडीसाखर

पाणंद, तुम्ही देवांच्या रांगेत शेपटीकडून शिरलात म्हणता, तर तिथे टोकाला मारुती आहे असं ऐकलंय. समुद्रमंथनात मारुती कसा?

पाणंद

आहे! वासुकीची शेपटी धरून एक मोठं वानर उभं आहे, चांगलं देवांच्या दुप्पट आकाराचं. बहुतेक जण हनुमान म्हणतात. आईला तेवढं एकच खटकलं. मी म्हटलं, चिरंजीव आहे, असेल तिथे. ती म्हणाली, चिरंजीव पुढे जगतो रे, जन्माच्या आधी कसा पोचेल?

अजून एक राहिलं. गाडीवाल्या दादाच्या मोबाइलवर ख्मेर दिनदर्शिका होती. आईने विचारलं, आत्ता कुठला महिना? तो म्हणाला, मकरा. पुढचा? कुंफेआ. मग मीना, मेसा... आईने पुढचे त्याच्या आधी म्हणायला सुरुवात केली. जानेवारी मकर, फेब्रुवारी कुंभ, मार्च मीन. त्यांच्या इंग्रजी महिन्यांना आपल्या राशींची नावं आहेत. तो बिचारा आरशातून वळून वळून बघत होता, या बाईला ख्मेर कसं येतं म्हणून.

खडीसाखर

हाहा! पण एक विचारू का, रागावू नका. तुम्ही पूर्वेकडून शिरलात, दक्षिण आणि पश्चिम केली, उत्तर सोडली. म्हणजे अर्धी प्रदक्षिणा. अर्धी फक्त शंकराला चालते. विष्णूला कसली अर्धी?

पाणंद

हे तुम्ही लिहायला नको होतं. आईला सवयीने वाचून दाखवलं. घडीव दगडांचा आधार घेऊन मी म्हटलं, उत्तरेच्या ओवरीतले पूर्वेकडच्या अर्ध्या भागातले पट सोळाव्या शतकातले आहेत, हात कच्चा आहे, फार काही बुडालं नाही. ती काही बोलली नाही. आज सकाळी चहा घेताना विचारत होती, तीन दिवसांचं तिकीट सलग तीन दिवस वापरावं लागतं, की मध्ये गुडघ्याला सुट्टी देता येते.

देता येते. दहा दिवसांत कधीही तीन दिवस.